जळतो, पण तापत नाही : नाशिकमधल्या एका घरातल्या गॅस ओव्हनचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमध्ये इंदिरानगरच्या बाजूला राहणाऱ्या एका कुटुंबाचं. घरच्यांना विचारून लिहितोय. नावं दिलेली नाहीत. पाइप गॅसची कंपनी, रेंज बनवणारी कंपनी आणि दुरुस्ती करणारा कारागीर यांचीही नावं गाळली आहेत, कारण ती कळून वाचणाऱ्याला काही फायदा नाही. ज्यांचा ओव्हन त्यांना मी मावशी म्हणतो आणि त्यांच्या यजमानांना काका. इथेही तसंच म्हणेन. माझं काम अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या बर्नर आणि भट्ट्यांच्या देखभालीचं. घरगुती ओव्हन हा माझा रोजचा विषय नाही, पण गॅस आणि ज्योत यांचे नियम कारखान्यात आणि स्वयंपाकघरात वेगळे नसतात.

पार्श्वभूमी

मावशी निवृत्त शिक्षिका. दिवाळीच्या आधी त्या नानखटाईच्या ऑर्डरी घेतात, एरवी अधूनमधून केक. ओळखीपाळखीतलंच काम, पण ठरलेल्या तारखेला डबे द्यायचे असतात. घरातली कुकिंग रेंज बारा वर्षांची आहे. वर चार बर्नर, खाली गॅसचा ओव्हन आणि ओव्हनच्या छताला ग्रिलचा वेगळा बर्नर. प्रत्येक बर्नरला सुरक्षा व्यवस्था आहे. ज्योतीत थर्मोकपलचं टोक असतं. ते तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि त्या विजेवर आतला छोटा चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली की टोक गार होतं, चुंबक सुटतो आणि गॅस बंद होतो. म्हणूनच असा बर्नर पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो.

उन्हाळ्यात मावशी ओव्हन लावत नाहीत. होळी झाली की कढया, तवे आणि इडलीचं भांडं ओव्हनमध्ये जातं ते नवरात्रात बाहेर येतं. बहुतेक घरांत ओव्हन हे निम्मं वर्ष कपाटच असतं, त्यामुळे यात विशेष काही नाही. पण या प्रकरणाचा अर्धा गुंता या सवयीतूनच झाला.

त्या वर्षी मे महिन्यात सोसायटीत पाइपचा गॅस आला. कंत्राटदाराचा फिटर आला, ओट्याजवळ मीटर आणि नळी बसवली. रेंजच्या वरच्या चारही बर्नरचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या, बदलले, चारही पेटवून दाखवले आणि फॉर्मवर काकांची सही घेऊन पुढच्या घरी गेला. सिलिंडर जमा झाला. ओव्हन त्या वेळी कढयांनी भरलेला होता. त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही.

अडचण

घटस्थापनेनंतर पहिल्यांदा ओव्हन लावला. नानखटाईचा पहिला घाणा पांढराफटक आणि मधे ओला निघाला. मावशींना वाटलं तूप जास्त झालं. दुसऱ्या वेळी तूप मोजून घातलं, तापमान १७० वर ठेवलं आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेळ वाट पाहिली. मधेच काचेतून पाहिलं तर ज्योत नव्हतीच. परत पेटवली, थोड्या वेळाने परत विझली.

म्हणजे तक्रारी दोन होत्या. ओव्हन तापत नव्हता आणि पेटवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद होत होता. घरात बोलणं मात्र दुसरीबद्दलच होत राहिलं, कारण विझणं डोळ्यांना दिसतं. कमी तापणं पिठाच्या, तुपाच्या, हवामानाच्या खात्यावर जातं.

तिसरीही एक खूण होती. ती तक्रार म्हणून कोणी मोजलीच नव्हती. वरचे बर्नर सिमवर ठेवले की कधीकधी विझायचे. दूध आटवताना हे पावसाळ्यापासून होत होतं. त्याचा दोष स्वयंपाकघराच्या खिडकीवर टाकून काकांनी खिडकीला पुठ्ठा लावला होता.

पहिली दुरुस्ती

मावशींनी रविवार कारंजाजवळच्या एका शेगडी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला बोलावलं. माणूस अनुभवी, हॉटेलांची कामं करणारा. त्याने ओव्हन पेटवला, विझेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “मावशी, सेन्सर गेलाय.” लक्षणावरून हा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. सुरक्षा असलेला बर्नर पेटून विझतो तेव्हा बहुतेक वेळा थर्मोकपलच खराब असतो. त्याने नवा बसवला, बर्नर पेटवला, पाचेक मिनिटं जळताना दाखवला आणि पैसे घेऊन गेला. संध्याकाळी ओव्हन पुन्हा विझला.

इथला पहिला निर्णय तपासून पाहायला हवा. जुना थर्मोकपल काढल्यावर त्याची चाचणी झाली नाही. चाचणी सोपी असते. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा, थर्मोकपलचं टोक मेणबत्तीच्या किंवा गॅसच्या ज्योतीत धरायचं आणि आकडा वाचायचा. नंतर मी तो जुना भाग मागवून घेतला आणि असंच केलं. आकडा २० मिलिव्होल्टच्या वर गेला. भाग ठणठणीत होता. कारागिराने ही पाच मिनिटं घालवली असती तर दोष दुसरीकडे आहे हे त्याच दिवशी कळलं असतं. पण त्याच्या धंद्याचा हिशेब वेगळा आहे. भाग बदलण्याचे पैसे मिळतात, तपासण्याचे कोणी देत नाही. घासाघीस करून तपासणीचे पैसे कापणारे आपणच असतो, हेही कबूल करायला हवं.

यानंतर काकांनी गॅस कंपनीकडे तक्रार केली : गॅसचा दाब कमी आहे. तंत्रज्ञ आला, नळीला मापक लावून दाब मोजला. घरगुती पाइप गॅसचा दाब सुमारे २१ मिलिबार असतो, तेवढा मिळत होता. “गॅस बरोबर आहे काका, ओव्हन कंपनीला विचारा,” असं म्हणून तो गेला. त्याला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने दिलं आणि ते बरोबर होतं.

रेंजच्या कंपनीने फोनवर लक्षणं ऐकली. सेन्सर बदलून झालाय म्हटल्यावर निदान आलं : थर्मोस्टॅट, म्हणजे ओव्हनचं तापमान राखणारा भाग. वॉरंटी कधीच संपलेली. माणूस मुंबईहून येणार, भागाची आणि फेरीची किंमत मिळून नवा बरा ओव्हन येईल इतकी. काका हो म्हणायच्या बेतात होते. सुनेने त्यांना थांबवलं आणि मला फोन केला.

तपास

मी गेलो तेव्हा मावशींनी सांगायला सुरुवात केली ती विझण्यापासून. मी विचारलं, “ओव्हन शेवटचा नीट कधी चालला होता?” त्या म्हणाल्या, “होळीच्या आधी. पुरणपोळ्यांच्या गडबडीत केक केला होता, छान फुगला होता.” मग विचारलं, तेव्हापासून स्वयंपाकघरात काय काय बदललं? काकांनी यादी दिली : मिक्सर, नळाची चकती, खिडकीचा पुठ्ठा. पाइप गॅस त्यांच्या यादीत नव्हता. येऊन पाच महिने झाले होते, रोज त्यावर स्वयंपाक होत होता, तो आता घराचा भाग झाला होता. ओव्हनच्या दृष्टीने मात्र तो कालचा पाहुणा होता. घरच्यांच्या मनात गॅस बदलला मे महिन्यात आणि ओव्हन बिघडला ऑक्टोबरात. या दोन गोष्टींमध्ये कढयांनी भरलेले पाच महिने बसले होते.

अजून काहीही उघडलेलं नव्हतं. उघडण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, ज्योत. ओव्हनच्या तळपत्र्याच्या भोकांतून ती दिसते. स्वच्छ निळी होती, पण बुटकी. थर्मोकपलच्या टोकाला ती जेमतेम चाटत होती. पिवळी, काजळी धरणारी ज्योत असती तर कोणीही ‘गॅसमध्ये काहीतरी आहे’ म्हटलं असतं. निळी बुटकी ज्योत पाहून मात्र सगळे फसले. निळी म्हणजे चांगली, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

दुसरी, प्रत्यक्ष तापमान. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. नॉब १८० वर ठेवून, विझला की पुन्हा पेटवत, बराच वेळ तापवल्यावरही काटा १३० च्या आसपास रेंगाळत होता. इथे थर्मोस्टॅटवरचा संशय बराच कमी झाला. थर्मोस्टॅट ठरलेलं तापमान आलं की ज्योत लहान करतो. तापमान यायच्या आधीच त्याने ज्योत लहान केली, असंही घडू शकतं. पण मग नॉब पूर्ण वर नेल्यावर ज्योत वाढायला हवी होती. ती अजिबात हलली नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिला एकही पाना लागत नाही. पाइप गॅसच्या घरात मीटर असतो, त्यावर घनमीटरचे तीन दशांश दिसतात. शेवटचा अंक म्हणजे एक लिटर. बाकी सगळे बर्नर बंद ठेवून फक्त ओव्हन पूर्ण आचेवर लावला. विझू नये म्हणून मावशींनी नॉब दाबून धरला आणि मी ज्योतीवर लक्ष ठेवून दहा मिनिटांनी मीटर वाचला. दाबून धरताना ज्योतीवर नजर हवीच, कारण त्या वेळी सुरक्षा व्यवस्था काम करत नसते. गॅस गेला १९ लिटर. रेंजच्या माहितीपुस्तिकेत ओव्हन बर्नरची क्षमता अडीच किलोवॉट दिलेली आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायूतून, म्हणजे पाइपच्या गॅसातून, साधारण साडेदहा किलोवॉट-तास उष्णता मिळते. म्हणजे अडीच किलोवॉटच्या बर्नरने दहा मिनिटांत ४० लिटरच्या जवळपास गॅस घ्यायला हवा. आमच्या ओव्हनच्या पोटात त्याच्या निम्मा जात होता.

निम्मा का, याचं उत्तर त्याच पुस्तिकेच्या मागच्या पानावरच्या तक्त्यात होतं. ओव्हन बर्नरसाठी एलपीजीचा जेट ०.८० मिलिमीटर, नैसर्गिक वायूचा १.२० मिलिमीटर. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. जड वायू, आणि घनमीटरमागे नैसर्गिक वायूच्या अडीच-तीन पट उष्णता. शिवाय घरात तो ३० मिलिबारच्या आसपास दाबाने येतो. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन : हलका, घनमीटरमागे कमी उष्णतेचा आणि कमी दाबाचा. त्यामुळे तेवढीच उष्णता मिळवायची तर त्याला मोठं भोक लागतं. ०.८० आणि १.२० हे आकडे जवळचे वाटतात, पण भोकाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. एलपीजीच्या भोकातून पाइपचा गॅस सोडला की उष्णता निम्म्याच्या आसपास येते. मीटरने तेच सांगितलं होतं.

‘पाइपचा गॅस कमजोर असतो’ असं नाशिकमध्ये मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय, काकांचंही तेच मत होतं. जेट योग्य असेल तर बर्नरची ताकद तेवढीच राहते. कमजोर वाटणाऱ्या शेगड्यांपैकी किती जणींचे जेट नीट बदलले गेले असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे.

विझण्याचा उलगडाही यातच होता. बुटकी ज्योत थर्मोकपलच्या टोकाला कशीबशी तापवत होती. थर्मोकपलची वीज टोक आणि मागची बाजू यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. ओव्हन जसा आतून तापायचा तशी मागची बाजूही तापायची, फरक कमी व्हायचा आणि आधीच काठावर असलेला चुंबक सुटायचा. कारागीर पाच मिनिटं थांबला तेव्हा म्हणूनच सगळं ठीक दिसलं.

तळपत्र्याचे स्क्रू काढून, बॅटरीच्या उजेडात जेटवरचा शिक्का वाचला : ८०, म्हणजे ०.८० मिलिमीटर. संशय संपला.

पर्याय

इथून पुढे खरं तर एकच रस्ता दिसतो. पण दिवाळी जवळ आली होती, ऑर्डरी घेतलेल्या होत्या आणि घरात प्रत्येकाचा वेगळा सल्ला होता.

मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं, रेंज काढून टाका, विजेचा मोठा ओटीजी घ्या. विचार वाईट नव्हता. पण मावशींना हवा तेवढा मोठा ओटीजी २००० वॉटचा, म्हणजे जवळपास ९ अँपिअर घेणारा. ओट्यावरचे सॉकेट ६ अँपिअरचे. १६ अँपिअरचा एकच पॉइंट होता आणि तो फ्रिजच्या मागे. वेगळी वायर ओढून घ्यावी लागली असती. त्याहून मोठी गोष्ट, मावशींचा हात या ओव्हनवर बसलेला. नव्या ओव्हनची आच समजून घ्यायला जे घाणे वाया जातात ते दिवाळीच्या तोंडावर परवडणारे नव्हते.

काकांना वाटत होतं, ओव्हनपुरता सिलिंडर परत घ्यावा. हे जमणारच नव्हतं. रेंजच्या आत एकच गॅसची नळी सगळ्या बर्नरना पुरवठा करते. ओव्हनला एलपीजी दिला तर वरच्या मोठ्या भोकांच्या बर्नरमधूनही एलपीजीच येणार, आणि तिथे ज्योत उंच, पिवळी आणि काजळ धरणारी होणार. उलट दिशेची ही चूक आमच्या चुकीपेक्षा कितीतरी धोक्याची आहे.

तिसरा पर्याय माझ्याच ओळखीतून आला आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. अंबडमध्ये माझ्या माहितीतली छोटी वर्कशॉप्स आहेत. पितळेच्या जेटचं भोक १.२० करून द्यायला कुणाला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला असता. पाइप गॅस जोडताना शेगडीच्या जेटची भोकं ड्रिलने मोठी केलेली मीही पाहिली आहेत. मावशींचा कौल याच बाजूला होता, “होतंय तर करून टाक ना बाबा.” मी नाही म्हटलं. जेटचं भोक हे केवळ मापाचं भोक नसतं. त्याच्या तोंडाची कड, आतला उतार आणि भोक बरोबर मध्यावर असणं या सगळ्यांवर गॅसची धार सरळ जाते की तिरकी आणि ती सोबत किती हवा ओढते हे ठरतं. भोक जरा वाकडं गेलं की हवा कमी ओढली जाते. उघड्या शेगडीवर याचा परिणाम म्हणजे पिवळं टोक आणि काळी भांडी. बंद ओव्हनमध्ये अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि ओव्हनचा धूर स्वयंपाकघरातच बाहेर पडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. शिवाय ड्रिल बिघडलं तर परत जायला मूळ जेटही उरला नसता.

उरला चौथा पर्याय : कंपनीचा मूळ जेट मागवणं. भाग लहान आणि स्वस्त, पण यायला आठवडा. नव्या रेंजबरोबर दुसऱ्या गॅसच्या जेटची पुडी बहुधा येते. माळ्यावरची सगळी खोकी उपसली, पुडी मिळाली नाही. भांडी बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानांत शेगडीचे जेट ढिगाने होते, पण या बर्नरच्या आट्यांचा एकही नव्हता.

मधल्या आठवड्यासाठी मावशींनी स्वतःच तोड काढली. पूर्वी त्यांच्या आई करायच्या तसं पीठ मळून, गोळे वळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून ते ओळखीच्या बेकरीत भाजायला नेले. दिवाळीत बेकऱ्यांत असे ट्रे घेऊन येणाऱ्यांची रांग असतेच. भट्टीच्या आचेवर भाजलेली नानखटाई चवीला घरच्यापेक्षा चांगली झाली असं माझं मत. मावशींना ते मान्य नाही.

कृती

जेट बसवणार कोण, हा पुढचा निर्णय. मी बसवू शकलो असतो. पण घरातल्या गॅस जोडणीची जबाबदारी कंपनीची असते, आणि उद्या काही झालं तर ‘शेजारच्याने उघडलं होतं’ हे वाक्य त्या घराला महागात पडलं असतं. म्हणून गॅस कंपनीकडे पुन्हा तक्रार केली. या वेळी ‘दाब कमी आहे’ असं लिहिलं नाही. लिहिलं : पाइप गॅस जोडताना कुकिंग रेंजच्या वरच्या चार बर्नरचं रूपांतर झालं, ओव्हन बर्नरचा जेट एलपीजीचाच राहिला आहे, शिक्का ८०, पुस्तिकेप्रमाणे १२० हवा, जेट आमच्याकडे आहे, बसवून गळती तपासून द्यावी. सोबत पुस्तिकेच्या पानाचा फोटो. पहिल्या तक्रारीचा माणूस दोन दिवसांनी आला होता, या तक्रारीचा दुसऱ्या दिवशी सकाळी. लेखी तक्रार नेमकी असली की ती टोलवणं अवघड जातं.

तंत्रज्ञाने भिंतीवरचा कॉक बंद केला, बर्नर सरकवून जुना जेट काढला, नवा बसवला, साबणाच्या पाण्याने सांधे तपासले. पेटवल्यावर ज्योत दुप्पट झाली, पण टोकाला किंचित पिवळी. बर्नरच्या तोंडाशी हवेची खिडकी असते. ती थोडी उघडल्यावर पिवळेपणा गेला. पुन्हा दहा मिनिटांचा मीटर वाचला : ३८ लिटर. तो तरुण या युक्तीवर खूश झाला आणि वहीत लिहून घेऊन गेला.

दुसरा अडथळा

त्या दुपारी ओव्हन पहिल्यांदा वीसेक मिनिटांत १८० पर्यंत गेला. मावशींनी ट्रे आत सरकवला. थोड्या वेळात ज्योत पुन्हा गेली.

काकांचा चेहरा ‘मी म्हणत होतो ना, थर्मोस्टॅट’ असं म्हणत होता. पण या वेळचं विझणं वेगळं होतं. आधी ओव्हन तापायच्या आत विझायचा, आता तापल्यावर, नेमका थर्मोस्टॅट ज्योत लहान करतो त्या क्षणी विझत होता. लहान ज्योतीला लागणारा गॅस थर्मोस्टॅटमधल्या एका बारीक बायपास मार्गाने जातो आणि त्यावर एक स्क्रू असतो. एलपीजीसाठी तो पूर्ण आवळलेला असतो. नैसर्गिक वायूसाठी थोडा सैल करावा लागतो, नाहीतर लहान ज्योतीला पुरेसा गॅसच मिळत नाही. तोही एलपीजीवरच राहिला होता. आणि मग खिडकीच्या पुठ्ठ्याचंही कोडं सुटलं. वरच्या बर्नरचे नुसते जेट बदलले गेले होते, त्यांच्या कॉकमधले असेच स्क्रू कोणी हलवलेच नव्हते. दूध आटवताना सिमवर विझणारे बर्नर पावसाळ्यापासून हेच सांगत होते.

तंत्रज्ञ म्हणाला, थर्मोस्टॅट आमच्या कामात येत नाही. तेव्हा पहिल्याच कारागिराला पुन्हा बोलावलं. मावशींना ते पटत नव्हतं. पण हॉटेलांचे ओव्हन हाताळलेला माणूस नाशिकमध्ये आमच्या ओळखीत तोच होता, आणि या कामाला मोजमापापेक्षा हात लागतो. नेमकं काय हवंय हे सांगितल्यावर त्याने नॉब काढला, बारीक पेचकस आत घातला, नॉब सर्वात कमी खुणेवर नेऊन स्क्रू हळूहळू सैल केला. दार धाडकन लावलं तरी न विझणारी, पण ओव्हनला उगाच तापवत न राहणारी ज्योत त्याने नजरेने जुळवली. वरचे चारही बर्नर त्याच बैठकीत केले. थर्मोकपलचा विषय त्यानेच काढला आणि मजुरी घेतली नाही.

निकाल

नॉब १८० वर असताना थर्मामीटर १७२ ते १८५ च्या दरम्यान फिरतो. बारा वर्षांच्या घरगुती ओव्हनला हे उत्तम आहे. दाराची रबरी पट्टी कडक झाली आहे, तिच्या कोपऱ्यातून वाफ निसटते. ती बदलायचं ठरलंय, अजून बदललेली नाही. मावशींच्या शेवटच्या ऑर्डरी घरच्या ओव्हनमधून गेल्या. पहिल्या काही ऑर्डरी बेकरीत भाजल्याचं त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं की नाही, हे मी विचारलेलं नाही.

खर्चाचं पाहिलं तर जेट आणि कुरिअर मिळून जे लागलं ते थर्मोकपलच्या निम्म्याहून कमी. थर्मोस्टॅट बदलला असता तर? तो बदलूनही ओव्हन तापला नसता, कारण जेट तोच राहिला असता. मग पुढचं निदान ‘बर्नर’ झालं असतं आणि त्यापुढे ‘रेंज जुनी झाली’.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त क्षण मे महिन्यातला होता. फिटर घरात, हत्यारं हातात, आणि फॉर्मवर सही व्हायची बाकी. फिटरने वरून दिसणारे बर्नर मोजले, कारण बहुतेक घरांत तेवढेच असतात. घरच्यांनी ओव्हन रिकामा करून ‘हाही गॅसवर आहे’ एवढं सांगायला हवं होतं. सही करण्याआधी प्रत्येक बर्नर पूर्ण आचेवर आणि सिमवर, दोन्हींवर थोडा वेळ जाळून बघायचा. सिमची चाचणी कोणीच करत नाही आणि अर्धवट रूपांतर नेमकं तिथेच उघडं पडतं.

कारागिराबद्दल मी वर लिहिलंच आहे. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्या भेटीत थर्मोकपल बदललाही असता, लक्षण तसं होतं. पण ओव्हन पूर्ण तापेपर्यंत घरातून निघालो नसतो. पाच मिनिटांची चाचणी पंधराव्या मिनिटाला होणारा बिघाड पकडू शकत नाही.

गॅस कंपनीच्या पहिल्या तंत्रज्ञाने दाब मोजला आणि तो निघाला. ‘ओव्हनचा जेट बदलला होता का?’ हा प्रश्न त्याच्या कामाच्या यादीत असायला हवा. ही अपेक्षा त्या माणसाकडून नाही, यादी बनवणाऱ्यांकडून आहे.

अंबडच्या ड्रिलबाबत मात्र माझं मत बदललेलं नाही, जरी त्यापायी मावशींना आठवडाभर ट्रे घेऊन बेकरीच्या रांगेत उभं राहावं लागलं. वरच्या उघड्या बर्नरचा प्रश्न असता तर कदाचित मी एवढा अडून बसलो नसतो.

एक काम राहिलं आहे. ग्रिलच्या बर्नरचा जेटही एलपीजीचाच आहे हे सगळं संपल्यावर लक्षात आलं, कारण मावशी ग्रिल वापरतच नाहीत. त्याचा जेट मागवलाय. तोवर ग्रिलचा नॉब काढून पुस्तिकेच्या पिशवीत ठेवलाय आणि पिशवीवर काकांनी स्केचपेनने लिहिलंय : जेट बदलल्याशिवाय लावू नये.